धुराड्यातला बोळा

माझ्या आईचे डोळे चुलीनं खाल्ले. फुंकणीनं जाळ फुलवता फुलवता तिची नजर गेली, आणि शेवटी शेवटी ती ताटातली मासळी बोटांनी चाचपून खायची. लग्न होऊन मी दिवाळे गावच्या कोळीवाड्यात आले, तर सासरची चूलही तसलीच. मी तेव्हाच ठरवलं, माझे डोळे काही ह्या चुलीला मिळायचे नाहीत.

बेलापूरला एक ग्रामसेविका बिनधुराची चूल घालून दाखवायच्या. मासे विकून झाले की रिकामी पाटी घेऊन मी त्यांच्यापुढे बसायची. चिकणमातीत भाताचा तूस आणि शेण कालवून चूल घालायची, मागून भाजलेल्या मातीचे नळे एकावर एक चढवून कौलांतून बाहेर काढायचे, की झालं धुराडं. नवरा होडीवर गेला होता. मी पनवेलच्या कुंभाराकडून नळे आणले, चूल घातली आणि स्वतःच छपरावर चढले. खाली सगळी आळी गोळा झाली. सून छपरावर म्हणजे तमाशाच!

"घराला भोक पाडतंस गो? उतर खाली!" सासू अंगणातून ओरडली.

मी नळा बसवूनच उतरले.

तिचा राग नुसत्या भोकाचा नव्हता. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा आम्ही सुक्या बोंबलांवर दिवस काढायचो. ते चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचे, म्हणजे धुरानं त्यांना कीड लागत नाही. धूरच बाहेर गेला तर बोंबील टिकायचे कसे, असं ती विचारायची. तिचं खोटं नव्हतं. पण बोंबलांसाठी मी डोळे फोडून घ्यायचे काय?

मग आमची लढाई जुंपली. सासू चुलीच्या मागच्या तोंडातून, म्हणजे वैलातून, हात घालून नळ्याच्या तोंडात ओल्या गोणपाटाचा बोळा कोंबायची. मी चूल पेटवली की धूर माघारी यायचा. मी चिमट्यानं बोळा उपसायची आणि अंगणात भिरकावायची. दुसऱ्या दिवशी तोच बोळा पुन्हा जागेवर! नवरा म्हणाला, "तू तरी दे सोडून."

"तुमी एक दिस चूल फुंका," मी म्हटलं, "मग सोडते."

पावसात बोंबील सादळले आणि त्यांत आळ्या झाल्या. सासूचा आवाज चढला. "आता मीच निवडून रांधतंय, तू बाजूला हो." तिनं उंबऱ्यात बसून एकेक बोंबील निवडला, कालवण केलं आणि मोठ्या तोऱ्यात लेकाला वाढलं.

त्यानं पहिलाच घास मोडला आणि ताट सरकवलं. रश्श्यावर पांढऱ्या आळ्या तरंगत होत्या.

"आय, निवडलंस ना? ह्या दिसल्या नाय तुना?"

सासू ताटावर वाकली, पार नाक टेकेपर्यंत. मग तिनं बोटांनी रस्सा चाचपला, अगदी माझी आई चाचपायची तसा. मला भडभडून आलं, आणि संतापही आला. जिनं हिचे डोळे नेले त्या चुलीच्या धुरासाठीच ही माझ्याशी भांडत होती!

"कवापासून दिसत नाय?" मी विचारलं.

"शिमग्यापासून. होडी किनाऱ्याला लागली की आवाजानं ओलखतंय."

"मग आयका, आय. धूर आता ह्या घरात राहनार नाय. सगळे बोंबील गेले तरी चालतील."

नवरा न जेवताच उठला.

सकाळी मी सवयीनं वैलातून चिमटा घातला. नळा मोकळा होता. सासू उंबऱ्यात बसली होती आणि ते गोणपाट धुऊन तिनं पुढ्यात पसरलं होतं. त्यावर उरलेले बोंबील ओतलेले होते. माझी चाहूल लागताच तिनं गोणपाट माझ्याकडे सरकवलं.

"तू निवड," ती म्हणाली. "तुना दिसतंय."