ती नुसती ‘सरी’ म्हणाली होती

ती केस विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मी ती विसरूही नये. बसवनगुडीच्या बाजूला एका ठाण्यात मी इन्स्पेक्टर होते. खून पाहिले, दरोडे पाहिले, पण ही केस कर बुडवण्याची. कर म्हटलं की आम्हा पोलिसांना जांभई येते, तशी मलाही आली.

कर खात्याची लेखी तक्रार होती. एका बाईच्या नावावर भंगार लोखंडाची कंपनी, बिलांचे ढीग, पण माल तसूभरही हललेला नाही. सोपं करून सांगते. व्यापारी माल घेताना जीएसटी भरतो आणि पुढे विकताना तेवढा वजा करून घेतो. पद्धत चांगलीच आहे. पण बिलच खोटं असेल, तर कुणी न भरलेला करही वजा होतो. अशी खोटी बिलं विकायचा हा धंदा होता.

पत्त्यावर गेलो तर एक खोली, शिलाई मशीन आणि साड्यांना फॉल-पिको करणारी साठीची विधवा. आमच्याच मराठी लोकांतली, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. ठाण्यात आणली. तिथला कारभार कन्नडमधला, म्हणून मी कन्नडमध्येच विचारत गेले आणि रायटर जबाब लिहीत गेला.

“कंपनी तुमच्या नावावर आहे?”

“सरी.”

“कागद तुम्हीच दिलेत?”

“सरी, मॅडम.”

रायटरनं लिहिलं, ‘खरे आहे.’ कन्नडमध्ये सरी म्हणजे बरोबर. पण आमच्या घरांत सरी म्हणजे नुसतं ‘बरं, ऐकलं.’ माझी आईसुद्धा उठता-बसता म्हणायची. मला नको का कळायला? पण बंदोबस्ताला निघायची घाई होती. न वाचता सही ठोकली. नक्कल कर खात्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी बाई आपणहून आली, आणि या वेळी मराठीत बोलली. “मॅडम, पेन्शनचं काम झालं का हो?”

“पेन्शनचं इथं काय?”

“त्यासाठीच बोलावलंत ना? अण्णा म्हणाला, अक्का, विधवा पेन्शन वाढवून देतो. आधार नेलं, फोनवर आलेला नंबर विचारला.”

“आणि कंपनी?”

“कसली हो कंपनी? मला सुई ओवायला चष्मा लागतो, मी लोखंड कुठलं विकतेय!”

मी कालचा जबाब काढला आणि पहिल्यांदा वाचला.

हा अण्णा दोन गल्ल्या पलीकडे लोकांची कराची विवरणं भरून द्यायचा. आमच्या समाजाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसायचा. मी गेले तर म्हणतो, “या अक्का, कॉफी सांगू?”

“कॉफी राहू दे, ड्रॉवर उघड.”

आत सात जुने फोन, प्रत्येकावर एकेका बाईच्या नावाची चिठ्ठी; एकेकीच्या नावावरची कंपनी एकेका फोनवरून चालायची.

“काय रे, महिला मंडळ काढलंयस?”

हसला तो. “सगळ्यांनी राजीखुशीनं कागद दिलेत, मॅडम.”

पंचनामा, अटक, आरोपपत्र, सगळं रीतसर केलं. अण्णा जामिनावर सुटला. कोर्टात त्याच्या वकिलानं बाईचा पहिला जबाब वाचला, ‘खरे आहे, खरे आहे,’ आणि खाली सही माझी. बाई माझ्याकडे बघत राहिली.

कर खात्यानं कंपनीची नोंदणी रद्द केली, पण त्याच जबाबावर बोट ठेवून बुडालेल्या कराची मागणी बाईच्याच नावावर ठेवली आणि तिचं बँक खातं गोठवलं. पेन्शन त्याच खात्यात यायची. अपील करायचं तर मागितलेल्या कराचा दहावा हिस्सा आधी भरा. मशीन विकलं तरी तेवढे जमणार नव्हते. जबाबातली चूक माझी, असं मी लेखी दिलं. कर खात्यातले साहेब म्हणाले, “मॅडम, तुमचं पत्र फाईलला लावलंय.” ते अजून तिथंच असेल.

या केसनं काय शिकवलं? माणसाचा शब्द कागदावर उतरवण्याआधी तो त्याच्या घरात कसा बोलला जातो, ते विचारावं. मी शिकले हो. पण तिला त्याचा उपयोग काय?

निवृत्तीनंतर एकदा साडी घेऊन तिच्याकडे गेले. खातं अजून बंदच होतं. फॉल लावता लावता, मान खाली घालून तिनं विचारलं, “तुमची पेन्शन येते ना वेळेवर?”

“येते,” म्हटलं.

“बरं झालं बाई,” ती म्हणाली, आणि ते अगदी मनापासून म्हणाली.