त्या दिवशी कांताचे केस ओले नव्हते

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही माहेरी पिशोरला, शेळ्यांमागं जायचं नसेल त्या दिवशी. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही आणि अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. मुलीच्या जुन्या वहीची उरलेली पानं घेतली आहेत. कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण समोर कुणी बसलंय असं धरल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही – म्हणून तुम्हाला बसवलंय.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईला सांगायचं होतं, ती गेली. देवळात गेले तरी दुसरंच काहीतरी मागून परत आले. सात वर्षं झाली.

कुठून सुरू करू? हेल्मेटपासून करते. ते सोपं आहे.

मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत बाटल्यांची झाकणं खोक्यात भरते. मुकुंदवाडीहून सायकलनं जाते. तेव्हा आम्ही पंधरा-वीस बायका सायकलवाल्या होतो. कांता माझ्या शेजारची. तीही पिशोरची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला अक्का म्हणायची. आमच्या दोन घरांत एकच भिंत. तिचा नवरा मोंढ्यात हमाली करायचा, मी त्यांना दाजी म्हणते. दोघांना एक मुलगी, पूजा. ती तेव्हा पाच वर्षांची होती.

कंपनीत सेफ्टीच्या नवीन मॅडम आल्या. त्यांनी सायकलवाल्यांना पिवळी हेल्मेटं वाटली आणि गेटवर नियम लावला, हेल्मेट नसेल तर नाव लिहायचं. पहिल्या दिवशी केवढं हसू झालं. आमचे अंबाडे, त्यावर ते हेल्मेट – मडक्यावर मडकं, उतरंडच. मशीनवरचे सोपानमामा सगळ्यांसमोर मॅडमला म्हणाले, डोकं फुटायला आधी टेम्पो अंगावर यावा लागतो, मग टेम्पोवाल्याला सोडून आमच्याच बायकांच्या डोक्यावर घमेलं का? सगळे हसले. मला मामांचं पटलं होतं, आजही थोडं पटतं. त्या रस्त्याला कडेला जागाच नाही, सायकलवाल्यानं जायचं कुठून? मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, रस्ता माझ्या हातात नाही मामा, गेट आहे.

मग मालकांकडून त्यांनी एक गोष्ट कबूल करून घेतली. हेल्मेट घालून येताजाता कुणाला लागलं, तर दवाखाना कंपनी करेल. हेल्मेट नसेल तर नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आता माझं सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली म्हातारी माणसं बसतात, त्यात माझे सासरे. त्यांच्यासमोरून मी कधी पदराशिवाय गेले नव्हते. पदरावर हेल्मेट बसत नाही, सरकतं. मग काय करायचं? गेटच्या अलीकडं शंभर पावलांवर एक चहाची टपरी होती. आम्ही चौघी-पाचजणी हेल्मेट तिथंच टांगून ठेवायचो. सकाळी टपरीवर घालायचं, शंभर पावलं जायचं. संध्याकाळी परत खुंटीला. चार किलोमीटर उघड्या डोक्यानं आणि शंभर पावलं हेल्मेटमध्ये. आम्हाला ते हुशारीचं वाटायचं.

कांता तसली नव्हती. तिनं अंबाडा सोडून खाली वेणी घालायला सुरुवात केली, पदर कमरेला खोचला आणि घरातूनच हेल्मेट घालून निघायला लागली. लिंबाखालचा एक म्हातारा म्हणाला, निघाली बघा फौजदारीण. ती सायकल न थांबवता म्हणाली, हवालदारीण म्हणा मामा, फौजदाराला जीप असती. माझे सासरेसुद्धा हसले. मला ते आवडलं नाही. का आवडलं नाही? मी कधी असं बोलू शकले नसते, म्हणून. एवढंच.

त्या सकाळी आम्ही दोघी बरोबर निघालो. दाजी पहाटेच मोंढ्यात गेले होते आणि लिंबाखाली अजून कुणी बसलं नव्हतं. टपरीशी आलो तर टपरीला कुलूप. मालक कुणाच्या तरी तेराव्याला गावी गेला होता. माझं हेल्मेट आत. टपरीवर हेल्मेट ठेवणाऱ्या बाकीच्या बायका आमच्या आधीच पोचल्या होत्या. त्यांची पहिली-दुसरी वेळ, नाव लिहून हसत आत गेल्या. माझी तिसरी वेळ होती. तिसऱ्या वेळी गेटजवळच्या काळ्या फळ्यावर नाव खडूनं लिहायचे आणि आठवडाभर ठेवायचे. पगार कापत नव्हते, काही नाही. नुसतं नाव. पण मी अशी बाई आहे, की दुकानात सुटे मागायचे तरी दुसऱ्याला पुढं करते. येणारा-जाणारा माझं नाव वाचणार.

मी कांताला म्हणाले, तुझं दे.

युक्ती जुनी होती. हेल्मेट घालून गेटमधून आत जायचं, मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ जायचं आणि भिंतीवरून बाहेर टाकायचं. बाहेरचीनं ते झेलून, घालून, वळसा घेऊन गेटवर यायचं. दोघी पास. फक्त बाहेरचीला कंपनीच्या मागच्या रस्त्यानं यावं लागायचं, जिथं टेम्पो वळतात आणि मागं घेतात.

कांता थांबली. म्हणाली, "अक्का, मागं टेम्पो लई असतात. उघड्या डोक्यानं नको वाटतं मला."

मी काय म्हणाले ते लिहिते. सात वर्षांत हे वाक्य मी तोंडानं उच्चारलेलं नाही.

"दोन मिनिटांचा रस्ता हाय. एवढी काय मरतीस?"

तिनं हेल्मेट काढलं. माझ्या डोक्यावर ठेवलं. माझा अंबाडा आड येत होता तर तिनंच तो हातानं खाली दाबला आणि हनुवटीखाली पट्टा लावून दिला. मग सायकलवर बसून मागच्या रस्त्याला वळली.

मी आत गेले. वॉचमननं मान वर केली नाही. पिवळं दिसलं, झालं. मी टाकीजवळ गेले, हेल्मेट काढलं, भिंतीशी उभी राहिले. तिची घंटी वाजली की टाकायचं ठरलं होतं. घंटी वाजली नाही. टेम्पोचा ब्रेक लागला आणि एक आवाज आला. ओरडणं नाही. भरलेलं पोतं वरून टाकल्यासारखा. मग कुठलंतरी चाक नुसतंच फिरत राहिलं, कर्र कर्र. भिंत माझ्या डोक्याएवढी होती. टाचा वर केल्या असत्या तर पलीकडचं दिसलं असतं.

मी टाचा वर केल्या नाहीत.

हेल्मेटच्या आत मॅडमनी पेननं कांताचं नाव लिहिलेलं होतं. मी ते टाकीमागच्या रिकाम्या पोत्यांखाली सारलं, लाइनवर जाऊन उभी राहिले आणि झाकणं भरायला लागले. किती भरली? एक खोकं पुरं भरलं, मग कुणीतरी कांताचं नाव घेत धावत आलं. तेव्हा सगळ्यांबरोबर मीही धावले. जणू मला आत्ताच कळलं.

तुम्हाला वाटेल, हाच गुन्हा. नाही. इथपर्यंत मी भित्री होते. पुढचं मी विचार करून केलं.

संध्याकाळी कांताचं हेल्मेट पोत्यांखालून काढून डोक्यावर घातलं आणि त्यातच घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा मी सासऱ्यांसमोरून पदराशिवाय गेले, आणि कुणी काही बोललं नाही. गल्लीला बातमी कळली होती, सगळ्यांना वाटलं, भ्यायली बिचारी. दाजी दवाखान्यात होते. पूजा माझ्या सासूजवळ जेवत होती. कांताच्या घराची एक किल्ली कायम माझ्याकडं असायची. मी कुलूप उघडलं, आत गेले, आणि तिचं हेल्मेट दाराशेजारच्या खिळ्याला टांगलं. जिथं ती रोज टांगायची तिथंच. बाहेर येऊन कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी दाजी कपडे घ्यायला आले. त्यांना खिळ्यावर हेल्मेट दिसलं. मी दारात उभी होते. त्यांनी भिंतीवर कपाळ आपटून घेतलं.

मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, कांता तर रोज घालायची, त्याच दिवशी कसं नव्हतं? मी म्हणाले, "सकाळी न्हाली होती. केस ओले होते. म्हणाली, आज राहू दे."

मागच्या रस्त्याला का गेली, तर गेट टाळायला, असं सगळ्यांनी आपणच धरलं. इतकं बारीक खोटं मला कसं सुचलं? मला माहीत नाही. मी बोलताना खालीच बघते, नेहमीच, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही. जी बाई बोलत नाही ती खोटं कशाला बोलेल, असं लोक धरतात.

मॅडम तिच्यासाठी मालकांशी भांडल्या. एवढी नियम पाळणारी बाई, एक दिवस चुकली, दवाखाना करा म्हणून. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुम्ही बरोबर होता, नीट आठवून सांगा, हेल्मेट होतं का नव्हतं? तिथं खुर्ची होती, पंखा होता, मॅडम माझ्याकडं आशेनं बघत होत्या. एक वाक्य पुरलं असतं, तिनं ते माझ्या डोक्यावर घातलं होतं. मी परत केस ओले म्हणाले.

दाजींच्या शेळ्या पिशोरला भावाकडं अर्धलीनं होत्या, सांभाळायचं त्यानं आणि निम्मी करडं त्याची. पोरीच्या शिक्षणाला म्हणून एकेक करून वाढवलेल्या. त्या सगळ्या विकल्या, दोन बोकडांसकट. पैसे दवाखान्यात गेले.

कांता वाचली. उजवा हात कामाचा राहिला नाही. झटके येतात. बोलता बोलता थांबते आणि शब्द शोधत बसते, ती, जिच्या तोंडात शब्द मावत नव्हते. आणि ती सकाळ तिच्या डोक्यातून पुसून गेली आहे. घरातून निघालेलंही आठवत नाही. मग तिला सांगितलं कुणी? सगळ्यांनी. जे मी सांगितलं तेच.

तिला ते खरं वाटतं. शुद्धीवर आल्यावर महिनाभर ती दाजींची माफी मागत होती. माझी अक्कल शेण खायला गेली होती म्हणायची, ओल्या केसांचं कौतुक केलं आणि शेळ्या घालवल्या. दाजी एकदा रागात म्हणाले, वाळले नसते का हेल्मेटात? मी तिथंच होते, तिला भात भरवत.

पुढच्या सुरक्षा सप्ताहात मॅडमनी मला उभं केलं. मला चार वाक्यं पाठ करून दिली. मी माइकसमोर म्हणाले, माझ्या शेजारणीनं एक दिवस हेल्मेट घातलं नाही. बायका रडल्या. सोपानमामांनी त्यानंतर कधी चेष्टा केली नाही. टपरीवरची हेल्मेटं घरी गेली. मलाही घरातून घालायची सवय लागली. दोन वर्षांनी पॅकिंगमधली एक पोरगी रस्त्याच्या कडेच्या दगडावर पडली, हेल्मेट चिरलं, डोकं शाबूत राहिलं. तिची आई पेढे घेऊन माझ्याकडं आली. कांताकडं नाही. माझ्याकडं.

मग कधी कधी मन म्हणतं, बघ, तुझ्या खोट्यानं कुणाचं तरी भलं झालं. पण मी काय भल्यासाठी बोलले होते? खरं बोलले असते तरी हेल्मेटचंच खरं ठरलं असतं. ज्या डोक्यावर होतं ते डोकं आज हे लिहितंय. फळ्यावर नाव येऊ नये म्हणून मी तिचं नाव घालवलं. गल्लीत पोरी सायकल शिकतात, तर कांता उंबऱ्यात बसून डाव्या हातानं खूण करते, हेल्मेट घाला गं, माझ्यासारखं करू नका.

मी पगारातून दाजींना पैसे द्यायला लागले. पूजाच्या शाळेसाठी म्हणून. ओव्हरटाइम घेतला, दिवाळीचं मिळालेलं दिलं. शेळ्या केवढ्याला गेल्या ते मला माहीत होतं, विकताना मीच कांताजवळ दवाखान्यात बसले होते आणि त्यांनी तिथं येऊन आकडा सांगितला होता. घरी नवरा म्हणायचा, किती करशील दुसऱ्यासाठी? सासू शेजारणींना सांगायची, आमची सून देवगुणी. मी ऐकत आले.

गेल्या पगाराला शेवटचे दिले.

दाजींनी नोटा मोजल्या. त्यांनीही सगळं लिहून ठेवलं होतं, कधीतरी मला परत करायचं म्हणून. म्हणाले, "अक्का, शेळ्यांचे पुरे झाले बघा. बोकडांसकट. आता देऊ नका. सख्खी बहीण असती तरी एवढं केलं नसतं." मी म्हणाले, परत करायचे नाहीत, ते कांताचेच होते. त्यांना तो माझा मोठेपणा वाटला.

मी सांगायचं ठरवून गेले होते. घरातून पाठ करून गेले होते, माइकवर बोलले तसं. कांतानं डाव्या हातानं चहाचा कप पुढं केला. मी तो घेतला. चहा संपला. मी बोलले नाही.

कांतानं पूजाला हाक मारली, शब्द शोधला, तो सापडेना, मग नुसतं माझ्याकडं बोट केलं. पूजा आता बारा वर्षांची आहे. तिला कळलं. ती वाकली आणि माझ्या पायाला हात लावला.

मी पाय मागं घेतले नाहीत.