आईचा हललेला फोटो

दादाने आईला नवे दात बसवले तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आईला जाऊन खूप वर्षं झाली. दात बसवले ते फोटोतल्या आईला. दादाने लालबागला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, वास्तुशांत ठरली, आणि हॉलमध्ये आईचा मोठा फोटो हवा असं त्याच्या मनाने घेतलं. घरातल्या जुन्या फोटोवरून त्याने मोबाईलने फोटो काढला, कुठल्याशा ॲपमध्ये टाकला आणि चकचकीत झालेली आई घेऊन आमच्या नायगावच्या खोलीत आला. गोरीपान, गुळगुळीत, सगळे दात एका मापाचे. आईचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता आणि ती आडवं कुंकू लावायची. ॲपने दात भरला आणि कुंकवाची गोल टिकली करून टाकली.

अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मोबाईल हातात घेतला. त्यांचा हात हल्ली कापतो, म्हणून मी खालून धरला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि मला विचारलं, "ही कोण गो?"

"आई आहे, अप्पा," दादा म्हणाला. "क्लिअर केली."

"नाय," अप्पा म्हणाले. "ही आमची नाय."

दादाचं तोंड उतरलं. मग तो चिडला. "मग मी काय करू? ओरिजिनलच ब्लर आहे ना! तुमचा हात हलला होता, सगळ्या चाळीला माहितीये. आईचा एकच फोटो, तो पण तुम्हाला धड काढता आला नाही."

एरवी या वाक्यावर अप्पांचं उत्तर ठरलेलं असतं: "हात माझो हलूक नाय." शाळेत होते तेव्हापासून मी त्यांच्याकडून ते ऐकत आले आहे. त्या दिवशी ते नुसतेच स्वतःच्या थरथरणाऱ्या हाताकडे बघत बसले. मला दादाचा इतका राग आला की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

त्या फोटोची गोष्ट अशी. आमच्या मजल्यावर तेव्हा सगळ्यांत मिळून एकच कॅमेरा होता. गणपतीत तो बाहेर निघायचा आणि तो चालवायचा मान अप्पांचा. मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेला माणूस, हाताने स्थिर. रोलमधला एकेक फोटो मोजून काढायचा. आरती, आरास, मजल्यावरची पोरं, विसर्जन. पण विसर्जन झालं तरी शेवटी एखाददुसरा फोटो उरायचाच, आणि तो वाया घालवून रोल धुवायला टाकणं कुणाला जिवावर यायचं. मग 'रोल संपवायचा' म्हणून काहीही काढायचे. कुणाची सायकल, कुणाची मांजर. आमच्यासारख्या घरांतल्या कितीतरी बायकांचे घरगुती साडीतले फोटो निघाले ते असेच, रोल संपवायला.

आईचाही तसाच निघाला. एरवी ती कॅमेऱ्यासमोर यायचीच नाही. लग्नाचा फोटो गावच्या घरात वाळवीने खाल्ला होता. त्या वर्षी शेवटचा एक फोटो उरला, अप्पा खोलीत आले, आई ओट्याशी उभी होती, आणि त्यांनी बटण दाबलं. प्रिंट आली ती सगळीच धुरकट. मजल्यावर हशा झाला. अप्पांचा हात हलला, वय झालं, अशी थट्टा सुरू झाली आणि पुढच्या गणपतीत कॅमेरा दुसऱ्याच्या हातात गेला. त्याच्या आतच आई गेली होती. म्हणजे अप्पांची बायको गेली, कॅमेरा गेला, आणि वर तिचा एकुलता एक फोटो त्यांनीच बिघडवला हा शिक्का बसला. मी शाळेत होते. मला भांडता येत नव्हतं.

आता येतं. दादा गेल्यावर मी माळ्यावरून बिस्किटांचा डबा काढला. निगेटिव्ह त्यातच होत्या, आणि आईच्या फोटोची पट्टीही होती. मुंबईच्या दमट हवेत वाळक्या बोंबलासारखी वळली होती, पण शाबूत होती. प्रिंट धुरकट आहे म्हणजे निगेटिव्हही धुरकटच असेल, हे कुणी ठरवलं? दुकानातल्या मशीनचाच फोकस गंडला असेल तर?

आधी मी दादरच्या एका दुकानात पट्टी दिली. त्यांनी स्कॅन करून दिला तो प्रिंटइतकाच मऊ. मी तक्रार केली तर तिथला माणूस म्हणाला, "शार्पनेस वाढवून देतो ना मॅडम." वाढवला. आईच्या खांद्याभोवती पांढरी रेघ उमटली, खडूने गिरवल्यासारखी.

"वाढवायचा नाहीये," मी म्हटलं. "आहे तेवढा घ्यायचाय."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पट्टी उचलली आणि घरी आले. म्हटलं, आता हे घरीच करायचं.

माझ्याकडे एक सेकंडहँड कॅमेरा आहे, शिवडीच्या खाडीत फ्लेमिंगो टिपायला घेतलेला. ऑफिसातल्या मैत्रिणीकडून जवळून फोटो काढायची लेन्स मागून आणली. कॅमेरा खाली तोंड करून धरायला एका बंद पडलेल्या स्टुडिओतून लोखंडी दांड्याचा स्टँड मिळाला. खालून उजेडासाठी चित्रं गिरवायची, आतून दिवा लागणारी पांढरी पाटी. खिडकीला अप्पांची घोंगडी. भर दुपारी खोलीत अंधार करून बसलेल्या बापलेकींना बघून शेजारीण दोनदा डोकावून गेली.

पहिला फोटो धुरकट. दुसरा धुरकट. मी हट्टाला पेटले.

पट्टी सपाट राहत नव्हती, म्हणून देवाच्या तसबिरीची काच काढून तिच्यावर ठेवली. फोटोत आईच्या अंगावर इंद्रधनुष्याची वर्तुळं उमटली. काच परत देवाला दिली. मग पट्टी जाड पुस्तकांखाली दाबून ठेवली, आणि काळ्या पुठ्ठ्याला बरोबर एका फोटोएवढी खिडकी कापून, पट्टी त्यात कडेने ताणून बसवली. आता मधला भाग स्पष्ट यायचा आणि एक बाजू पुसट. कॅमेरा फिल्मच्या बरोबर समोर नव्हता, केसभर कलला होता. त्यावर उपाय सोपा निघाला. फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं. लेन्सला आरशात स्वतःचा डोळा अगदी मधोमध दिसला की दोघं समोरासमोर आले. दिसला नाही तर स्टँडखाली कागदाची घडी सरकवायची. दुपारभर मी कागदाच्या घड्या सरकवत होते.

फोकसचंही तसंच. मी आधी आईच्या चेहऱ्यावर फोकस करत होते आणि तो कधी लागतोय ते कळतच नव्हतं. मग लक्षात आलं की चेहरा बघायचाच नाही. पडद्यावर चित्र इतकं मोठं करायचं की चेहरा हरवून फिल्मचे कण दिसू लागतील. रव्यासारखे कण. ते सुटे सुटे दिसले की फिल्मवर जे काही आहे ते सगळं हाती लागलं. लेन्सचं तोंडही फार उघडं ठेवायचं नाही आणि अगदी बारीकही करायचं नाही. बारीक केलं तर उलट मऊपणा येतो.

आणि तरीही कण पुसटच येत होते. तेव्हा टेबलावरच्या पाण्याच्या भांड्याकडे माझं लक्ष गेलं. पाण्यावर सारखी शिरशिरी उठत होती. बाजूच्या चाळी पाडून तिथे नव्या टॉवरच्या पायाचं काम चाललंय. मशीन धाड धाड जमिनीत घुसते आणि आमची चाळ तिच्याबरोबर हलते. खोली हलते, टेबल हलतं, कॅमेरा हलतो. मी हसत सुटले. ज्या घरात अप्पांचा हात हलला म्हणून इतकी वर्षं बोलणी बसली, तिथे आता अख्खं घरच हलत होतं.

पण मी माघार घेणार नव्हते. टॉवर बांधा नाहीतर डोंगर उभा करा, माझी आई मला इथेच हवी होती. स्टँड टेबलावरून उचलून ओट्यावर ठेवला. ओटा भिंतीत बसवलेला, तो टेबलासारखा डगमगत नाही. पंखा बंद केला. मशीनवरची माणसं दुपारी जेवायला बसतात तेवढा वेळ आमचा, असं ठरवलं. आणि बोटाचा धक्का नको म्हणून बटण दाबल्यावर थोड्या वेळाने फोटो घेईल असं कॅमेऱ्याला लावून ठेवलं.

मशीन थांबली. अप्पांनी पलंगावर पाय वर घेतले, जणू त्यांच्या पायांनी जमीन हलणार होती. श्वासही रोखून धरला. "अप्पा, श्वास घ्या," मी म्हटलं. "तुमच्या श्वासाने काही होत नाही."

"फोटो काढताना घेवचो नसता," ते म्हणाले.

कॅमेऱ्यातून खट्ट आवाज आला. मी फोटो लॅपटॉपवर घेतला, निगेटिव्हचे उलटे रंग सुलटे केले आणि मोठा करून बघितला.

भिंतीवरचा झारा आणि उलथनं, त्यांच्या मुठींवरचे ओरखडेसुद्धा दिसत होते. स्टोव्हच्या टाकीवर पोचा आलेला होता, तोही. तांब्याच्या काठावर खिडकीचा उजेड होता आणि त्यात खिडकीचे गज मोजता आले असते. ओट्याच्या कडेवर आईचा हात. बांगड्या एकेक सुट्या, बोटाच्या पेरावर भाजल्याचा डाग. तो डाग मी विसरले होते. बघितल्याबरोबर मला रडू फुटलं.

आणि मानेपासून वर आई पुसट होती. नाक इकडेही होतं आणि तिकडेही. आडवं कुंकू कपाळभर फिरलं होतं. बाकी खोलीतला खिळासुद्धा जागचा हलला नव्हता.

मी अप्पांना लॅपटॉपसमोर बसवलं. ते आधी झाऱ्याकडे बघत राहिले, मग तांब्याकडे. चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी गेले.

"फ्लॅशचे सेल विसर्जनाकच संपलेले," ते हळू म्हणाले. "फ्लॅश नाय तर शटर जास्त येळ उघडा रवता, म्हणान मी दाराच्या चौकटीक खांदो टेकवून काढलंय. ती नको नको करी. 'माझो फोटो कित्याक काढतंस,' म्हणत मान हलवीत होती."

त्यांनी कापरं बोट पडद्यावर तिच्या चेहऱ्याशी नेलं. "हीच ती," म्हणाले. "हात माझो हलूक नाय."

"नाही हलला, अप्पा," मी म्हटलं. हे त्यांना या घरात पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं.

दादाला मी फोटो पाठवला नाही, बोलावून दाखवला. त्यानेही झारा बघितला, बांगड्या बघितल्या. मग म्हणाला, "अप्पांचं खरं होतं. ओके. पण हॉलमध्ये कसा लावू? तोंडच दिसत नाही. बाकी सगळं हे ठेवू आणि फक्त चेहरा ॲपमधून..."

"हात लावून बघ," मी म्हटलं.

"अगं, पाहुणे काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. तिला फोटो नको होता, दादा. तिने मान हलवून नाही म्हटलं आणि ते छान उमटलंय. आयुष्यात तिने कुणाला नाही म्हटलेलं आपल्याकडे एवढंच आहे. ते पुसून तिथे दात काढून हसणारी बाई बसवायचीय तुला? मग तुझ्या हॉलमध्ये माझाही फोटो लावून ठेव, कारण मी यायची नाही."

तो उठून चपला घालू लागला. निघताना मात्र दारात थांबून म्हणाला, "साइज काय करायची?" मी म्हटलं, मोठी. जेवढी भिंत असेल तेवढी.

वास्तुशांतीच्या दिवशी फ्रेम मीच टांगली. खिळा मीच ठोकला. दादाने हार आणला होता, तो घालताना झारा झाकला जात होता म्हणून मी तो खाली ओढून घेतला. अप्पांची खुर्ची बरोबर फोटोसमोर ठेवली होती आणि ते तिथून जेवायलासुद्धा उठेनात.

दादाच्या सासरकडचे एक गृहस्थ, सुशिक्षित, सुटाबुटातले, फोटोसमोर उभे राहिले. मान तिरकी करून बघितलं, चष्मा पुसून बघितलं. मग अप्पांकडे वळून हसत म्हणाले, "फोटो जरा हललाय, नाही?"

दादा पुढे सरसावला. अप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं. हात कापत होता, पण त्यांनी तो लपवला नाही.

"फोटो हलूक नाय," ते म्हणाले. "ती हलली."