लाल नाकाचा देव

लग्न होऊन काटोल सोडलं, तेव्हा रडण्याचा कार्यक्रम मी चांगला रंगवून करणार होते. प्रेक्षकही भरपूर जमले होते. पण पहिला हुंदका घशात आला न आला तोच मायने एसटीच्या खिडकीतून हळदीकुंकवाची पितळी डबी आत सारली आणि बजावलं, "कुंकवाबिगर रांगोळी सोडू नोको वं पोरी. कोरी रांगोळी चांगली नसते." तेवढ्यात गाडी सुटली. हुंदका तसाच राहून गेला.

नवरा नागपूरच्या वेशीवर वाडीत, एका गोदामात कारकून. अमरावती रोडला लागून आमची एक खोली. दारात रांगोळी काढावी आणि ट्रकने ती उचलून अमरावतीला न्यावी! काटोलात सणासुदीला बायका आमचं अंगण बघायला यायच्या. इथे मी नुसती गोदामवाल्या बाबूची बायको. म्हणून शहरातल्या एका महिला मंडळाच्या चित्ररांगोळीच्या क्लासला नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या ड्रॉइंग टीचर. इतवारीच्या बाजारातून रंग आणायचे, चाळायचे, चिमटीने छटा सोडत फोटोसारखा माणूस जमिनीवर उतरवायचा. हळदीकुंकू मात्र बंद. "डाग पडतात. ही कला आहे, पूजा नाही," बाई म्हणायच्या. क्लासमध्ये असेपर्यंत मला ते अगदी पटायचं. खोलीवर आले की हात आपोआप डबीकडे जायचा.

मग प्रदर्शन ठरलं. जिचा पहिला नंबर, तिने वाडीत नवा क्लास चालवायचा, असं बाईंनी जाहीर केलं. तो क्लास मला हवाच होता. मी बाबांना काढलं. संत्र्याच्या झाडाखाली बसलेले, मिशीसकट, चेहऱ्यावर नेहमीचा वैताग. इतके हुबेहूब की मीच पदर सावरला.

परीक्षक यायच्या आधी माय काटोलहून संत्र्यांची पिशवी घेऊन हजर. मी तिच्यासाठी पाणी घेऊन येते तो ती रांगोळीभोवतीच्या दोरीच्या आत!

"हे काय वं? जित्या माणसाची कोरी रांगोळी काहून काढली? तुह्या बापाले घरी भलाचंगा सोडून आली मी!"

"माय, हात नोको लावू!"

लावला. एक चिमूट हळद मिशीवर, एक चिमूट कुंकू थेट नाकावर. बाई जवळच्या खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत.

कुंकू दिसलं म्हणजे देव असणार. बघायला आलेल्या पहिल्या बाईने हात जोडले, दुसरीने वेणीतलं शेवंतीचं फूल वाहिलं, मग रांगच लागली. मायने खुशीत संत्री सोलून प्रसाद वाटायला घेतला. परीक्षक आले तोवर बाबा हनुवटीपर्यंत फुलांत बुडाले होते. परीक्षकांनी हळूच विचारलं, "हे कोणते महाराज?"

"काटोलचे," माय म्हणाली.

पहिला नंबर शेजारच्या मोराला मिळाला. पण आठवडाभराने, प्रदर्शनात फुलं वाहून गेलेल्या वाडीच्या बायका बाईंकडे गेल्या. लाल नाकाचा देव काढणारी शिकवणार असेल तरच येतो, म्हणाल्या. तोंड वाकडं करून का होईना, बाईंनी क्लास मला दिला. तो छटांमुळे मिळाला की कुंकवामुळे, हे मला अजून कळलेलं नाही. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "देव झालो ना मी? मंग आता बागेले पाणी द्याले मले नोका सांगू."

मागल्या वर्षी बाबा गेले. काटोलच्या दारात तेरवीपर्यंत रांगोळी नाही. लग्न झालेल्या लेकीला मात्र सुतक तीनच दिवसांचं. मायनेच मला एसटीत बसवलं. "जाय वं. तुह्या दारात रांगोळी पडली पाहिजे."

माणूस एकच, बाप एकच, आणि तिथे दुःख चालू, इथे संपलं? काटोलच्या मैत्रिणी विचारतात, तुझं घर कोणतं गं? जिथे रांगोळी काढायची ते, की जिथे काढायची नाही ते?

परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या दारात सडा टाकून बसले. संत्र्याचं झाड काढलं, खालची जागा मोकळी सोडली. कुंकवाची चिमूट हातात. जित्या माणसाची रांगोळी कोरी ठेवायची नाही, गेलेल्याची? हे मायला विचारायचं राहूनच गेलं होतं. शेवटी ती चिमूट मी मोकळ्या जागेत सोडली, नाक असायला हवं तिथे.

एक ट्रक गेला. झाड उडालं. कुंकू तेवढं ओल्या जमिनीला धरून राहिलं. आणि काटोलच्या स्टँडवर राहून गेलेला तो हुंदका आला. बघायला कुणी नव्हतं.