निळी रेषा मी वळवली

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, बहिणीला तर नाहीच. आज तुमच्याजवळ बोलतोय, आणि बोलतानाही डोकं तापतंय. कोणावर, म्हणता? माझ्यावरच. दुसरा कोणी सापडतच नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमच्या पाटबंधारे खात्यातली बरीच माणसं तिकडे गेली. मोजणी येणारा मी भंडाऱ्यातच राहिलो, आणि पुढे पवनीच्या बाजूचा वैनगंगेचा काठ माझ्याकडे आला. पुराचं पाणी कुठवर चढतं ते मोजायचं आणि नकाशावर निळी रेषा ओढायची. रेषेच्या आत नवं बांधकाम बंद, बाहेर मोकळं. गावोगावी लोक मागे-मागे फिरायचे, खुर्ची पुसून द्यायचे. मला ते आवडायचं. हो—आवडायचं!

काठावरच्या एका गावात धाकट्या बहिणीचं सासर. तिच्या नवऱ्याची नदीलगत पडीक जागा होती. तिथे त्याला लग्नाचं लॉन करायचं होतं. शेजारून गावाचा नाला नदीत उतरायचा, आणि नाल्याच्या कडेला तुळशीरामजींचं घर—पुढच्या खोलीत हातमाग, मागे संसार. मी मोजणीचं यंत्र लावलं. पडीक जागा रेषेच्या आत. तुळशीरामजींचं घरही आत. पण ते त्यांच्या आजोबांच्या वेळचं, त्याला कोणी हात लावणार नव्हतं. उन्हात उभा पाहून त्यांनी मला घरात बोलावलं, चहा पाजला.

दुपारी बहिणीकडे जेवताना तिचा नवरा हसत म्हणाला, "भाऊ, लाइन तं तुमच्याच हातात हाये ना?"

एवढंच. धमकी नाही, पाकीट नाही, वरून फोन नाही. नाही म्हटलं असतं तर त्यानं दुसरी जागा पाहिली असती. मग कायले केलं मी? त्या घरात मोठा माणूस व्हायचं होतं मला! रेषा त्याच्या जागेपाशी आणली, नदीकडून वळसा घातला आणि पुन्हा मागे घेतली. जागा बाहेर, शेजारचं घर आत. साहेबांनी न बघता सही केली. लॉनच्या उद्घाटनाला मला शाल मिळाली. ती घेतली मी—लाज न वाटता.

लॉनसाठी मुरमाचा उंच भराव पडला, भोवती पक्की भिंत उठली. पुराचं पाणी आधी त्या पडीक जागेत पसरायचं; आता त्याला जागाच उरली नाही. पुढच्या मोठ्या पुरात नाला उलटा फिरला आणि तुळशीरामजींच्या घरात शिरला. मागाचा खड्डा गाळानं भरला, मागावर चढवलेला सुताचा ताणा सडला, मागची भिंत बसली. माणसं वाचली, कारण पाणी दिवसा चढलं.

हे सगळं तुम्ही ऐकून असाल; अशा रेषा खूप वळल्या असतील. मला सांगायचंय ते पुढचंच.

नुकसानीच्या पंचनाम्याला तलाठ्यासोबत मीच गेलो. सगळी गल्ली जमली होती. तुळशीरामजी चिखलात उभे. आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, इतक्या वर्षांत पाणी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. त्या भिंतीनं आलं. तुमीच पाहा ना."

मी पाहिलं. भिंत समोरच होती. बहिणीचा नवरा माझ्या बाजूला उभा होता. आणि मी—ज्यानं ती भिंत तिथे उभी राहू दिली तो मी—सगळ्यांसमोर त्या म्हाताऱ्यावर ओरडलो, "तुमचं घरच पूररेषेत आहे! नदीच्या पोटात राहता आणि वर तक्रार करता? कोणी सांगितलं होतं इथे राहायला?"

तुळशीरामजींनी घराकडे बघितलं, मग माझ्याकडे. चिखलाचे हात जोडले.

"चुकलं साहेब," ते म्हणाले. "आमाले मालूम नव्हतं."

मी म्हटलं, "ठीक आहे."