पवनचा मलेरिया

अहेरीकडच्या जंगलात जवानांचा दवाखाना आहे. तिथं करिष्मा कोवे ही मानसोपचारतज्ज्ञ जवानांची दारू सोडवायला बसते. पण तिच्या खोलीत कोणी फिरकत नाही. दारूचं नाव निघालं की रायफल जमा होते आणि जवान मेसमध्ये कांदे सोलत बसतो. नियम करणाऱ्याला कुठं कांदे सोलावे लागतात! म्हणून कोणी पिऊन पडला की दोस्त त्याच्यावर कांबळं टाकतात आणि सांगतात, "मलेरिया आहे." या जंगलात मलेरियावर कोण शंका घेणार?

मग करिष्माच व्हॉलीबॉलच्या मैदानावर जाऊन बसू लागली. तिथं पवन नरोटे बोलला. सुरुंगाच्या स्फोटात सोबती गेला, तेव्हापासून तो रोज पीत होता.

"एकट्यानं एकदम सोडू नको, पवनभाऊ," ती म्हणाली. "जीव जाते. दवाखान्यात भरती हो."

"अन् रायफल?"



काही दिवसांनी ती दुसऱ्या कॅम्पला गेली असताना दोस्तांनी पवनला दवाखान्यात आणलं. तो थरथरत होता, बरळत होता. "मलेरिया," दोस्त म्हणाले. डॉक्टरनं मलेरियाचं औषध सुरू केलं. झटके येऊन पवन गेला.

करिष्मा परतली आणि दोस्तांवर ओरडली, "दारूचं काऊन नाई सांगितलं?"

"काय सांगाचं, मॅडम? पेलाच नव्हता तो. सोडली होती त्यानं. म्हणे, मॅडमले सोडूनच दाखवतो, मंग रायफल कोण मागते?"

रायफल त्याच दुपारी जमा झाली.