वायर खोटं बोलत नाही

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या तोंडून कोणाचं कौतुक निघालेलं मी कधी ऐकलं नाही. आंबा आंबटच, चहा पाणचटच आणि माझा गळा बोथट. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन ते समुद्राकाठच्या चिखल्याच्या घरी आले आणि स्पीकरच्या मागे लागले. मला तो माणूस मनापासून खटकायचा.

वायरी निवडण्यात तर त्यांनी अख्खा उन्हाळा घालवला. त्यांच्या स्पीकरला मागे वायर जोडायच्या दोन जागा होत्या, वरची बारीक सुरांसाठी आणि खालची खर्जासाठी. दोन्ही जागा एकमेकींना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या काढून दोन्हींना स्वतंत्र वायर द्यायची होती. खाली जाड तांब्याची, वर बारीक, तीही चांदीचा मुलामा दिलेली. चारोटीचा गुजराती दुकानदार हसून म्हणाला, "काका, वायर एटले वायर." अण्णा त्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत.

वायरी लागल्या आणि फर्मान निघालं, स्पीकरला कोणी हात लावायचा नाही. ते ऐकत असताना भांडं वाजलं तरी कपाळाला आठी. तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकायला मात्र त्यांनीच मला शिकवलं, त्याच खोलीत शेजारी बसवून. तेवढं ऋण मी नाकारत नाही. नाकारता येत नाही, याचाच राग येतो.

मी तळासरीच्या एका शाळेत गाणं शिकवते. काही वर्षांनी डहाणूच्या एका मंडळाने कार्यक्रमासाठी गायिका निवडायला ध्वनिमुद्रणं मागवली. माझं आधी अण्णांना ऐकवलं, त्यांच्याच स्पीकरवर. आवाज खरंच गुदमरल्यासारखा येत होता. वायरींचं काही झालं असेल का, असं मी भीत भीत विचारलं.

"वायर खोटं बोलत नाही, सूनबाई. गळा बोलतो."

नवरा पेपरात डोकं घालून बसला होता. मी ते ध्वनिमुद्रण पाठवलं नाही. तंबोरा गवसणीत गेला.

पुढे घरात रंगकाम निघालं. अण्णा बाजारात गेलेले पाहून मी स्पीकर पुढे ओढले. खाऱ्या हवेने वरच्या बारीक वायरी कळकून हिरव्या झाल्या होत्या आणि तुटल्या होत्या, दोन्हीकडच्या. पट्ट्या काढलेल्या, त्यामुळे वरच्या सुरांना दुसरी वाटच नव्हती. टोकं सुरीने खरवडली, पुन्हा जोडली आणि माझं गाणं लावलं. गळा मोकळा होता. मी तिथेच फरशीवर बसून रडले.

अण्णा आल्यावर, वायरींबद्दल अवाक्षर न काढता, तेच गाणं पुन्हा लावलं. ते डोळे मिटून ऐकत बसले. त्यांच्या खिशातला मोबाईल किणकिणत होता. एरवी एवढ्यावर घर डोक्यावर घेणारा माणूस, पण ढिम्म हलला नाही. गाणं संपल्यावर म्हणाले, "तसाच आहे. बोथट."

तेव्हा मला कळलं, बारीक आवाज त्यांच्या कानांपर्यंत पोचतच नव्हते. कधीपासून, देव जाणे.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर तंबोरा घेऊन बसले, अगदी ते जाईपर्यंत. ते नकारार्थी मान हलवायचे, मी गायचे. त्यांच्या कानांचं त्यांना कधी सांगितलं नाही. परवा नणंदेला हे सांगितलं तर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "वहिनी, अण्णांचं मन राखलंस गं."

कसलं मन. सांगितलं असतं, तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी कानाला यंत्र लावून घेतलं असतं आणि माझं गाणं नीट ऐकलं असतं. मग ते काय म्हणाले असते, ते मला ऐकायचं नव्हतं.